बंद यंत्रापुढेही दुखलेली डोकी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतली दुपार. समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर, म्हणून या घराची त्या बाजूची खिडकी कायम बंद. काकूंचं डोकं ठणकतं, कातडीची आग होते. "टॉवर बसला तशी माझी झोपच गेली बघा," त्या सांगतात. घरचे म्हणतात, मनाचे खेळ.

तसं म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली अशाच तक्रारींबद्दल स्पष्ट लिहिलंय की त्रास खरा असतो, काहींचं त्यानं जगणं अवघड होतं. शोधायचं आहे ते कारण.

लंडनच्या किंग्ज कॉलेजनं २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. मोबाइलनं डोकं दुखतं असं सांगणारे ६० जण, आणि तसा त्रास नसलेले ६०. डोक्याजवळ यंत्र, ५० मिनिटं. कधी त्यातून मोबाइलचा सिग्नल, कधी काहीच नाही. चालू की बंद, हे बसणाऱ्याला ठाऊक नाही आणि प्रयोग घेणाऱ्यालाही नाही.

सिग्नल चालू असताना त्रासवाल्यांपैकी ६० टक्के म्हणाले, "सिग्नल आहे." बंद असताना ६३ टक्के! डोकी दुखली, पण बंद यंत्रापुढेही तशीच दुखली. पुढे २०१० मध्ये असे ४६ प्रयोग एकत्र तपासले गेले, माणसं हजारावर. लहरींवर ठपका ठेवावा असा भक्कम पुरावा निघाला नाही.

मग दुखतं कशानं? अपाय होणार या धास्तीनंही शरीर खरोखर दुखतं. २०१३ च्या एका प्रयोगात काहींना वाय-फायच्या धोक्यांवरची फिल्म दाखवली, मग सगळ्यांना खोटाच सिग्नल दिला. निम्म्याहून अधिक लोकांना काही ना काही जाणवलं. ज्यांचा स्वभावच काळजीचा, त्यांना फिल्म बघितल्यावर जास्त. म्हणूनच आमच्या या माहितीपटात टॉवरच्या दृश्यांना भेसूर संगीत आम्ही मुद्दाम दिलेलं नाही.

टॉवरबद्दल शंका असेल तर मोजून घ्या. टॉवरच्या लहरींची भारतातली मर्यादा २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली, आणि दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवरून मोजणी मागवता येते.

पण काकूंना आधी डॉक्टरांकडे न्या. रक्तदाब, थायरॉइड, अर्धशिशी, चष्म्याचा नंबर बघून घ्या. झोपेचं आणि मनावरच्या ताणाचंही नीट विचारा. संज्ञानात्मक वर्तन उपचारानं, म्हणजे बोलून बोलून विचारांची आणि वागण्याची सवय बदलण्याच्या उपचारानं, अशा काही रुग्णांना आराम पडलाय. टॉवरशी भांडण्यात वर्ष गेलं, तर अर्धशिशीचं औषधही तेवढंच लांबतं.