सिंहासन नसलेला दरबार

मंडळी, गड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तटबंदी येते, बुरूज येतात, पाण्याची टाकी, दारूकोठार, चोरदिंडी येते. हीच नजर घेऊन मी जर्मनीतल्या बव्हेरियात, आल्प्सच्या कुशीतल्या नॉयश्वानस्टाईनला गेलो. पॉलाटच्या घळीवर एक उंच पूल आहे. तिथून तो पांढराशुभ्र किल्ला पहिल्यांदा पाहिला आणि सवयीने मनात आलं, इथे शत्रू येणार होता तरी कुठून?

शत्रू येऊन गेला होता. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग १८६४ साली गादीवर आला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. दोनच वर्षांनी प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं युद्ध पेटलं. बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या बाजूने उभा राहिला आणि हरला. तहानंतर युद्धकाळात आपलं सैन्य प्रशियाच्या हाती सोपवण्याची पाळी त्याच्यावर आली. मुकुट डोक्यावर होता, पण सत्ता निसटली होती. आणि १८६९ च्या ५ सप्टेंबरला त्याने या किल्ल्याची पायाभरणी केली. मला या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

नावाबद्दल एक सांगतो. आपल्याकडे श्वान म्हणजे कुत्रा, जर्मनमध्ये तो हंस. लुडविगचं बालपण समोरच्याच होहेनश्वान्गाऊ किल्ल्यात गेलं. तिथल्या भिंतींवर हंसाच्या नावेतून येणाऱ्या वीराची कथा रंगवलेली आहे. पुढे रिचर्ड वाग्नरच्या ‘लोएनग्रिन’ या संगीतिकेत तोच वीर त्याला भेटला आणि जन्मभर सोबत राहिला. म्हणूनच किल्ल्याची पहिली कल्पनाचित्रं काढली ती क्रिस्टियान यांक या नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कलावंताने. ती बांधकामात उतरवणारे वास्तुविशारद नंतर आले.

भिंती विटांच्या आहेत, वरून चुनखडीच्या दगडाचा मुलामा. रूप १२व्या-१३व्या शतकाचं, पण आत गरम हवेने खोल्या उबदार ठेवण्याची सोय, मजल्यामजल्यावर नळाचं पाणी, नोकरांना बोलवायला विजेची घंटा! आणि बांधणाऱ्या कारागिरांची १८७० पासून एक संस्था होती. आजारपणात, अपघातात त्यांना तिचा आधार मिळे, आणि राजा स्वतः तिला पैसे देई. लुडविगला नुसता वेडा म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण मी जिथे खिळून राहिलो तो दरबार. डोक्यावर ताऱ्यांचा निळा घुमट, मुकुटाच्या आकाराचं ९६ मेणबत्त्यांचं झुंबर, पायाखाली झाडं आणि प्राणी रेखलेली मोझेकची जमीन. समोर पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या चढत जातात. वरच्या अर्धघुमटात ख्रिस्त, आणि खाली सहा राजे, सगळे संतपद मिळालेले. राजा कसा असावा याचं लुडविगचं चित्र ते हेच. आणि पायऱ्यांच्या माथ्यावर, जिथे सिंहासन हवं, तिथे काहीच नाही. सिंहासन ठरलेलं होतं, पण ते बसवण्याआधीच राजा गेला.

सरकारी तिजोरीला त्याने हात लावला नव्हता, पण खासगी कर्ज मात्र १ कोटी ४० लाख मार्कांच्या घरात गेलं. जून १८८६ मध्ये त्याला वेडा ठरवून पदच्युत केलं, ज्या वैद्यांच्या अहवालावरून ते केलं त्यांनी त्याला एकदाही तपासलं नव्हतं. १२ जूनला त्याला याच किल्ल्यातून नेलं. १३ जूनच्या रात्री स्टार्नबर्गच्या तळ्यात त्याचं आणि तो अहवाल देणाऱ्या वैद्यांपैकी डॉक्टर गुडेन यांचं प्रेत सापडलं. नेमकं काय घडलं, यावर आजही वाद चालतो. या किल्ल्यात तो सगळे मिळून जेमतेम १७२ दिवस राहिला. आणि ज्याला कुणाचीही वर्दळ नको होती, त्याच्या घराची दारं १ ऑगस्टला तिकीट लावून लोकांना उघडली गेली.

फेरीच्या शेवटी आपण वरच्या मजल्यावरच्या गायकांच्या दालनात येतो. पार्सिफाल या दंतकथेतल्या वीराच्या चित्रांनी भरलेलं, अगदी मंचासकट. राजाच्या हयातीत तिथे एकदाही मैफल झाली नाही, वाग्नरनेही हा किल्ला कधी पाहिला नाही. त्या दालनात पहिले सूर घुमले ते १९३३ साली, वाग्नरच्या पन्नासाव्या स्मृतिवर्षात.