पांढरी एक, तीन सप्तकं खाली

(काळा पडदा. फक्त आवाज.)

हेडफोन जवळ असतील तर आत्ताच लावा. मोबाइलच्या स्पीकरमधून हा स्वर नीट येत नाही, नुसती घरघर ऐकू येते.

(पियानोचं डावं टोक. एक बोट पट्टीवर.)

पियानोच्या अगदी डावीकडची ही पहिली पांढरी पट्टी. ही दुसरी. आणि ही तिसरी. पेटीवाले हिलाही पांढरी एकच म्हणतील, पण मधल्या पांढरी एकपासून ही तीन सप्तकं खाली आहे. सेकंदाला जेमतेम ३३ कंपनं. आपण खर्जाचा रियाज करतो तो कुठल्या कुठे वर राहिला.

एका माणसाच्या गळ्यातून हा स्वर निघाला आणि ध्वनिमुद्रित झाला. गाणं 'वे डाउन', गायक एल्व्हिस प्रेस्ली. मुद्रण ऑक्टोबर १९७६ मध्ये, मेम्फिसला, एल्व्हिसच्या राहत्या घरी झालं. पण गाण्याच्या शेवटी जो खाली खाली उतरत जातो, तो आवाज एल्व्हिसचा नाही. तो साथीला असलेल्या जे. डी. समनर यांचा आहे.

(फ्लोरिडा. लेकलँडची तळी, जुनं लाकडी चर्च.)

जॉन डॅनियल समनर यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२४ रोजी फ्लोरिडातल्या लेकलँड इथे झाला. लहानपणी त्यांनी गायक फ्रँक स्टॅम्प्स यांचा बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, ऐकला आणि आपणही असंच गायचं हे तेव्हाच ठरवलं. पोरं मोठ्या आवाजात गाणाऱ्या मुख्य गायकावर भाळतात. हा मुलगा भाळला तो सगळ्यात खालच्या आवाजावर.

(गाण्याचं जुनं पुस्तक. पानं उलटतात. स्वरांच्या जागी त्रिकोण, चौकोन, गोल.)

हे पुस्तक नीट बघा. प्रत्येक स्वराला वेगळा आकार आहे. शेतात राबणाऱ्या, फारशी शाळा न पाहिलेल्या माणसांना आकार ओळखून चारही आवाजांत गाता यावं, म्हणून ही लिपी. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गचे प्रकाशक जेम्स व्हॉन यांनी १९१० मध्ये अशी पुस्तकं खपावीत म्हणून चार गायकांना गावोगाव धाडलं. लोकांनी पुस्तकं घेतली आणि चौघांचं गाणंही उचलून धरलं. अमेरिकेच्या दक्षिणेतली क्वार्टेटची, म्हणजे चौघांनी मिळून गाण्याची, परंपरा अशी विक्रीच्या फेरीतून उभी राहिली.

चौघांची वाटणी पक्की असते. टेनर सगळ्यात वर, लीडकडे गाण्याची चाल, बॅरिटोन मधली भर घालणार आणि तळाला बेस. धृपदात बाकीचे तिघे स्वर धरून थांबतात आणि बेस एकटा खालून पायऱ्या उतरत जातो. ऐकणाऱ्यांच्या छातीत तेव्हा काहीतरी हलतं. भजनात पखवाजाची डावी बाजू घुमते ना, तसं.

(अलाबामा. पीचच्या बागा. मोकळं मैदान.)

हे क्लँटन. ३० जून १९५४ रोजी इथे पीच महोत्सव होता. ब्लॅकवुड ब्रदर्स हे तेव्हाचं नावाजलेलं क्वार्टेट स्वतःच्या विमानाने आलं होतं. दोनच आठवड्यांपूर्वी त्यांनी दूरचित्रवाणीवर आर्थर गॉडफ्री यांची स्पर्धा जिंकली होती. दुपारचं गाणं झालं. उजेड आहे तोवर धावपट्टीचा अंदाज घ्यावा म्हणून आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड आणि बेस गायक बिल लायल्स यांनी विमान वर नेलं. ते उतरताना कोसळलं. दोघेही गेले. आर. डब्ल्यू.चे काका जेम्स ब्लॅकवुड मैदानावर उभे होते.

लायल्स यांच्या जागी आले जे. डी. समनर.

(बसचं दार उघडतं. आत अरुंद वाट, दोन्ही बाजूंना बिछाने.)

आता या बसमध्ये जरा रेंगाळू या. आज जगभरचे गायक अशाच बसमधून दौरे करतात, आणि त्याची सुरुवात कुणी केली हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

तोवर क्वार्टेट सहसा मोटारीने फिरायचं. चार गायक, एक पियानोवादक, सगळ्यांचे सूट, विकायच्या पुस्तकांची आणि रेकॉर्डची खोकी. कार्यक्रम संपायचा मध्यरात्री आणि दुसऱ्या दिवशीचं गाव शेकडो मैल लांब. मान कलती करून, एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून झोपायचं. समनर अंगापिंडाने उंच, त्यांचे पाय कुठे मावणार? आणि बेस गाणाऱ्याला झोप नसेल तर आवाज तळाला जातच नाही.

१९५५ मध्ये समनर यांनी बसची कल्पना मांडली. जुनी बस घ्यायची, सीट काढायच्या, बिछाने घालायचे, कपडे टांगायला जागा करायची. एक जण चालवील, बाकीचे आडवे होतील. ब्लॅकवुड ब्रदर्सनी ते करून दाखवलं. कलाकारांच्या दौऱ्यासाठी बस अशी आतून बदलून घेण्याचं श्रेय समनर यांनाच दिलं जातं. आपल्याकडे नाटकाच्या बसमध्ये रात्री काढलेल्या मंडळींना या बिछान्याचं मोल वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. समनर यांचं हे वर्तुळ गोऱ्यांचं होतं. कृष्णवर्णीयांची क्वार्टेट्स याच रस्त्यांवरून फिरत, आणि त्यांना वाटेतल्या कितीतरी हॉटेलांत खोली नाकारली जाई.

(मेम्फिस. एलिस ऑडिटोरियमचं जुनं छायाचित्र.)

इथे रात्र-रात्र गॉस्पेल, म्हणजे ही क्वार्टेट्स गात ती ख्रिस्ती भक्तिगीतं, चाले. एकामागून एक क्वार्टेट, आपल्या भजनाच्या जागरासारखं. श्रोत्यांत एक पोरगा नेमाने दिसायचा. एकदा तो आला नाही. समनर सांगत, की पुढे भेटल्यावर त्यांनी कारण विचारलं, तर तो म्हणाला, तिकिटाला पैसे नव्हते. समनर यांनी त्याला मागच्या दाराशी यायला सांगितलं आणि आत घेतलं.

तो पोरगा म्हणजे एल्व्हिस. १९५८ च्या ऑगस्टमध्ये त्याची आई ग्लॅडिस गेली, तेव्हा अंत्यविधीला ब्लॅकवुड ब्रदर्स गायले. ते तिचं आवडतं क्वार्टेट होतं.

दरम्यान १९५७ मध्ये समनर आणि जेम्स ब्लॅकवुड यांनी याच मेम्फिसमध्ये नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन, म्हणजे क्वार्टेट्सचं संमेलन, भरवलं. १९६५ मध्ये समनर स्टॅम्प्स क्वार्टेटचे प्रमुख झाले. लहानपणी ज्यांच्या आवाजाने वेड लावलं, त्या फ्रँक स्टॅम्प्स यांच्या घराण्याचं नाव आता त्यांच्या हाती होतं.

(मैफिलीची रंगीत चित्रफीत. पांढरा पोशाख, मागे काळे सूट.)

नोव्हेंबर १९७१ पासून एल्व्हिसच्या दौऱ्यांत समनर आणि स्टॅम्प्स. १९७२ मध्ये न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जानेवारी १९७३ मध्ये हवाईचा उपग्रहावरून दाखवलेला कार्यक्रम. कॅमेरा सारखा पुढच्या माणसावर असतो, तुम्ही मागे बघा. डाव्या-उजव्या टोकाला नको, मधोमध. तोंडाला माइक लावलेला, शरीर स्थिर, जबडा जेमतेम हलतोय.

आणि आता हे बघा. एल्व्हिसने गाणं थांबवलंय. तो बाजूला झालाय, स्टॅम्प्स एकटेच गातायत आणि तो मान खाली घालून ऐकतोय. हजारो माणसं ज्याच्यासाठी आली, तो स्वतः श्रोता झालाय. एल्व्हिसला आयुष्यात ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले मानाचे संगीत पुरस्कार, स्पर्धेत तीन मिळाले आणि तिन्ही गॉस्पेलसाठी. रॉक अँड रोलसाठी एकही नाही. त्याचं मन कुठे होतं हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

(ग्रेसलँड, एल्व्हिसचं मेम्फिसमधलं घर. फाटक. फुलं.)

१६ ऑगस्ट १९७७ रोजी एल्व्हिस गेला. दुसऱ्याच दिवशी मेन राज्यातल्या पोर्टलँडला नवा दौरा सुरू व्हायचा होता. १८ तारखेला ग्रेसलँडमध्ये समनर आणि स्टॅम्प्स त्याच्यासाठी शेवटचं गायले.

(पाच ज्येष्ठ गायक एका रांगेत.)

पुढे समनर, जेक हेस, होवी लिस्टर, जेम्स ब्लॅकवुड आणि रोझी रोझेल यांनी मास्टर्स फाइव्ह उभं केलं, त्याला ग्रॅमीही मिळालं. सगळ्यात खालच्या स्वराचा गिनेसचा विक्रम कितीतरी वर्षं समनर यांच्याच नावावर होता.

१६ नोव्हेंबर १९९८ रोजी साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीच इथे, दौऱ्यावर असतानाच, ते गेले. ७४ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. १९९९ मध्ये एलिस ऑडिटोरियम पाडलं.

(पुन्हा पियानो. बोट तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर.)

हेडफोन काढू नका. गाण्याचे शेवटचे काही सेकंद पुन्हा लावतोय. या वेळी एल्व्हिसचा आवाज सोडून द्या आणि खालचा धरा.