ज्याँ-पॉल गूद यांची कात्री

(उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, फॅशनच्या जाहिरातीत कलादिग्दर्शक नेमकं करतो तरी काय, हा प्रश्न तुमच्यातल्या बहुतेकांना घरी एकदा तरी विचारला गेला असणार. कपडे डिझायनरचे, फोटो फोटोग्राफरचा, नेसवणं-सजवणं स्टायलिस्टचं, शब्द कॉपीरायटरचे आणि पैसे क्लायंटचे. मग हा माणूस सेटवर कशासाठी? व्याख्या सांगून याचं समाधान होत नाही, हे मी शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून आज एकाच माणसाचं काम तुमच्यासमोर ठेवते. त्यात चित्र आहे, फोटो आहे, फिल्म आहे, आणि ज्यावर आपण भांडलंच पाहिजे असंही बरंच काही आहे.

ज्याँ-पॉल गूद. जन्म पॅरिसला खेटून असलेल्या सँ-माँदेमधला. आई अमेरिकन, नृत्यांगना. गूद यांच्या कामात नाचणारं शरीर कायम येतं ते तिथून आलं असावं, असं मला वाटतं. शिक्षण पॅरिसच्या सजावटकलेच्या नामांकित शाळेत, सुरुवात चित्रकार म्हणून, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कला 'एस्क्वायर' मासिकाच्या कलाविभागात. म्हणजे कॅमेरा हातात येण्याआधी बरीच वर्षं हातात पेन्सिल होती. हे ध्यानात असू द्या, पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता पडद्यावर बघा. हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. ग्रेस जोन्स, जमैकात जन्मलेली मॉडेल आणि गायिका. एका पायावर उभी, दुसरा पाय मागे उचललेला, हातात माइक, अंग तेल लावल्यासारखं चकाकतंय. १९७८ मध्ये हे 'न्यूयॉर्क' मासिकात छापून आलं आणि १९८५ मध्ये तिच्या 'आयलंड लाइफ' या अल्बमच्या मुखपृष्ठावर गेलं. आता तुमच्यातल्या कुणीतरी उठून अगदी असंच उभं राहून दाखवा. नाही जमणार. कसलेल्या नर्तकालाही जमणार नाही, कारण छाती आपल्याकडे वळलेली आहे आणि त्याच वेळी कंबर आणि पाय बाजूने दिसतायत. माणसाच्या कण्याला एवढा पीळ बसत नाही.

केलं काय, तर जोन्सला आधार देऊन वेगवेगळ्या अवस्थांत उभं केलं आणि जो अवयव ज्या कोनातून सगळ्यात देखणा दिसेल तिथून त्याचा फोटो घेतला. मग त्या ट्रान्सपरन्सी, म्हणजे फोटोच्या पारदर्शक फिल्म, चक्क कात्रीनं कापल्या. तुकडे नव्यानं जुळवले. लांबी हवी तिथे तुकडे एकमेकांपासून दूर सरकवले, मधे राहिलेल्या फटी रंगानं भरल्या आणि सांधा दिसेनासा होईपर्यंत वर काम केलं. गूद यांनी अशा चित्रांची अर्धवट अवस्थेतली, फटी उघड्या दिसणारी रूपंही नंतर लोकांपुढे ठेवली आहेत. मला तयार चित्रापेक्षा तीच जास्त आवडतात. मान किती वर सरकवायची, पिंढरी कुठे संपवायची, कुठला तुकडा फेकून द्यायचा, हे सगळे निर्णय त्या फटींत दिसतात. फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली १९९०च्या फेब्रुवारीत. त्याच्या बारा वर्षं आधीचं हे काम आहे. तेव्हा 'अनडू' नव्हतं, चुकीची कात्री लागली की तो तुकडा गेला.

आणि हे निर्णय कात्री हातात घेतल्यावर सुचत नाहीत. गूद आधी कागदावर रेखाटन करतात. रेषेला शरीरशास्त्राचा जाच नसतो. ती पाय लांब करते, मान ताणते, खांदा चौकोनी करते. मग रेषेनं जे मागितलं ते कॅमेऱ्यानं तुकड्यातुकड्यांत आणून द्यायचं. तुमच्या घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. सेटवर दिवा लागण्याआधी जो हे मागणं ठरवतो, आणि चित्र छापून आल्यावर त्याचा जाब ज्याला द्यावा लागतो, तो कलादिग्दर्शक. जाब देण्याकडे मी थोड्या वेळात येते.

आधी हे दुसरं. जोन्सच्याच १९८१च्या 'नाइटक्लबिंग' या अल्बमचं मुखपृष्ठ. सपाट कापलेले केस, अर्मानीचा कोट, आत काही नाही, ओठात न पेटवलेली सिगारेट. फोटोवर रंगकाम केलेलं आहे. खांदे पट्टीनं आखल्यासारखे, खाली कोट निमुळता होत जातो. पण माझी नजर दर वेळी त्वचेवर जाते. मुळात सावळी असलेली त्वचा गूद यांनी आणखी गडद केली, काळ्यात निळा मिसळला. रीटचिंग, म्हणजे काढलेल्या फोटोत नंतर फेरफार, करणाऱ्या माणसाचा हात गडदकडे गेलेला तुम्ही आपल्याकडे कधी पाहिलाय?

आपल्याकडे तो नेमका उलटा जातो. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली, तिच्या नावातलं 'फेअर' निघायला २०२० उजाडलं. त्वचेचा रंग गडद असलेल्या माणसाला जाहिरातीत दुःखी, कमनशिबी, न शोभणारं दाखवू नये, हे भारतीय जाहिरात मानक परिषदेला २०१४ मध्ये नियमावली काढून सांगावं लागलं. नियमावलीनं मजकूर सुधारतो, पण कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाला फोनवर जे सांगितलं जातं ते नियमावलीत येत नाही. 'फेस दोन टोन वर घे.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा मला मनापासून राग आहे.

एक अनुभव सांगते. पैठणीची जाहिरात होती, वांगी रंगाची, पदरावर मोर. मॉडेल छान सावळी होती आणि म्हणूनच मी तिला निवडलं होतं. गडद वांगी, गडद त्वचा आणि दोन्हींच्या मधे फक्त जरीचा काठ उजळणार, असं रेखाटन माझ्या वहीत होतं. फोटो तसेच आले. क्लायंटनं नेहमीचं वाक्य म्हटलं. चेहरा, गळा आणि हात मास्क करून, म्हणजे बाकीच्या चित्रापासून वेगळे निवडून, उजळवले गेले. आता नीट ऐका, हा तांत्रिक मुद्दा आहे. रेशमावर पडलेला उजेड अंगावर परततो. हनुवटीखाली, गळ्याच्या खळगीत, कानाच्या पाळीखाली साडीच्या रंगाची एक पुसट छटा येते. त्या छटेमुळे डोळ्याला पटतं की ही बाई खरोखर या साडीत उभी आहे. त्वचा उजळवताना ती छटा पहिल्यांदा जाते. चेहरा दुसऱ्या कुठल्या तरी फोटोतून आणून चिकटवल्यासारखा दिसायला लागला, आणि काठ विझला, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना आता अंधार नव्हता. साडी विकायची होती, तिच्याच जरीची झळाळी गेली. सावळा रंग हा तिथे रचनेचा पाया होता. तो काढल्यावर उरलेलं चित्र कोसळणारच होतं.

म्हणून गूद यांची कात्री मला शिकवावीशी वाटते. आपलं रीटचिंग सगळ्यांना एकाच चेहऱ्याकडे ढकलतं. त्यांनी एका बाईला सगळ्यांपासून दूर, तिच्या स्वतःच्या टोकाकडे ओढलं. आणि जोन्स ही काही त्यांच्या हातातली माती नव्हती. ती आवाज, चाल, धाक घेऊन आली होती. त्या चित्रांवर तिचाही हक्क आहे.

आता जाब. १९८२ मध्ये गूद यांच्या कामाचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर हीच ग्रेस जोन्स, उघडी, चार पायांवर, पिंजऱ्यात, समोर कच्चं मांस. रचना पाहाल तर पक्की आहे. गजांच्या उभ्या रेषा, शरीराची आडवी रेषा, सगळं जागच्या जागी. तरी मला हे चित्र वाईट वाटतं, आणि वाईट म्हणताना मी कचरत नाही. पॅरिसमध्येच, जार्दाँ दाक्लिमातासियाँ नावाच्या बागेत, १८७७ पासून आफ्रिकेतून आणलेली माणसं तिकीट लावून लोकांना दाखवली जात होती. त्या शहरात वाढलेल्या कलाकारानं काळ्या बाईला पिंजऱ्यात ठेवलं की ते गज फक्त रेषा राहत नाहीत.

गंमत पाहा, १९९१ मध्ये याच गूद यांनी शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या 'कोको' अत्तरासाठी फिल्म केली, तीही पिंजऱ्याची. फ्रेंच गायिका-अभिनेत्री व्हानेसा पारादी, अंगावर काळी पिसं, झोक्यावर बसून शीळ घालतेय आणि खाली मांजर टपलंय. ती कुणाला खुपली नाही, मलाही खुपत नाही. कल्पना तीच, दिग्दर्शक तोच. फरक त्या दोन शरीरांमागे असलेल्या इतिहासाचा आहे. तुम्ही मूडबोर्डवर, म्हणजे कामाचा सूर ठरवायला चित्रं लावतो त्या फळ्यावर, एखादं चित्र टाचता तेव्हा त्याचा इतिहासही सोबत टाचला जातो, तुम्हाला ठाऊक असो वा नसो. आपल्याकडे आदिवासी पाड्यावर जाऊन, तिथल्या बायकांना पाठीमागे 'टेक्श्चर' म्हणून उभं करून, पुढे डिझायनर लेहेंगा दाखवणारे फोटो निघतात. ते बघताना मला तो पिंजरा आठवतो.

गूद यांनी यातून धडा किती घेतला, याबद्दल मला शंका आहे. १९७६ मध्ये त्यांनी एका काळ्या मॉडेलचा फोटो केला होता, पाठीमागच्या उभारावर शॅम्पेनचा ग्लास तोललेला. २०१४ मध्ये 'पेपर' मासिकासाठी तीच कल्पना अमेरिकी टीव्ही-तारका किम कार्दाशियनवर पुन्हा वापरली. टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

व्हिडिओकडे वळते, कारण तुमच्यातल्या निम्म्यांना तेच करायचंय. १९९० ची 'एगोइस्त'ची जाहिरात, पुन्हा शनेल, या वेळी पुरुषांचं अत्तर. अवघ्या अर्ध्या मिनिटाची. एका भव्य हॉटेलचा दर्शनी भाग, ओळीनं खिडक्या. उंची गाऊन घातलेल्या बायका एकेक करून झडपा उघडतात, कुणाला तरी शिव्याशाप देतात, झडपा आपटतात. मागे रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' या बॅलेमधलं सरदारांचं नृत्य. शेवटी सगळ्या मिळून एकच नाव ओरडतात. 'एगोइस्त', म्हणजे स्वार्थी. तो पुरुष आपल्याला दिसत नाही, दिसतो फक्त हात, बाटली कठड्यावर ठेवणारा.

यात कलादिग्दर्शन कुठे कुठे आहे ते मोजू नका, एकच गोष्ट बघा. ते हॉटेल खरं नाही. फ्रान्समधल्या कान शहरातल्या हॉटेलांच्या धर्तीवर ब्राझीलमध्ये उभारलेली ती नुसती दर्शनी भिंत आहे. खरं हॉटेल भाड्यानं मिळत नव्हतं का? मिळालं असतं. पण खऱ्या खिडक्या गूद यांच्या रेखाटनाप्रमाणे उघडत नाहीत. इथे झडपा तबल्याच्या बोलांसारख्या वाजतात, उघड-मीट, उघड-मीट, आणि त्यासाठी खिडक्यांमधलं अंतर, झडपांची रुंदी, प्रत्येक बाई चौकटीत किती भरेल, हे सगळं आखून बांधावं लागतं. शब्दही बघा. 'हे क्रोधा, हे निराशे' या धाटणीची ती बोलणी फ्रेंच नाटककार कॉर्नेयच्या १६३७ मधल्या 'ल सिद' नाटकातून उचललेली आहेत. फ्रेंच मुलं ते शाळेत पाठ करतात. तिथे एक अपमानित म्हातारा योद्धा ते बोलतो, इथे गाऊनमधल्या बायका. फ्रेंच प्रेक्षकाला त्या अर्ध्या मिनिटात शाळेचा वर्ग, ऑपेरा आणि भांडण एकदम ऐकू येतं. आपल्या प्रेक्षकाला असं काय तोंडपाठ आहे, हे तुम्ही शोधा. कीर्तनातला पूर्वरंग असेल, तमाशातली सवाल-जवाबाची लय असेल. साडीच्या जाहिरातीत मला सवाल-जवाब बघायचाय, अजून कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

एक चिठ्ठी आली आहे. 'शरीर असं ताणणं म्हणजे मुलींच्या मनावर आघातच नाही का?' प्रश्न रास्त आहे. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून कायदाच आहे. जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी बारीक किंवा जाड केली असेल तर 'फोटो रीटच केलेला आहे' असं छापावं लागतं. मला हा कायदा योग्य वाटतो. पण त्यातली एक मेख पाहा. 'आयलंड लाइफ'वर अशी सूचना छापायची गरजच नाही, कारण बघणाऱ्याला पहिल्या क्षणी कळतं की असं शरीर नसतं. ते चित्र आहे आणि चित्र असल्याचं लपवत नाही. कंबर फक्त दोन इंच आत घेतलेला फोटो मात्र खरा म्हणून खपतो, आणि पंधरा वर्षांची मुलगी आरशासमोर त्याच दोन इंचांचा हिशेब मांडत बसते. माझा आक्षेप त्या दोन इंचांना आहे. ताणायचं तर उघडपणे ताणा, एवढं की कुणी त्याच्याशी स्वतःला ताडून बघणार नाही.

आता कामाचं. पुढच्या आठवड्यात पोर्टफोलिओ बघणार आहे, तेव्हा पक्क्या प्रिंट वर नकोत. आधी कच्ची रेखाटनं लावा, खोडलेलीही चालतील. व्हिडिओ केला असेल तर स्टोरीबोर्डची, म्हणजे चित्रीकरणाआधी काढलेल्या दृश्यांच्या रेखाटनांची, मूळ पानं आणा, नंतर चित्रित झालेल्या फ्रेमवरून काढलेली नकोत, ती लगेच ओळखू येतात. एआयनं चित्र केलं असेल तरी हरकत नाही, पण त्याला मागणं काय केलं होतं त्याचं पेन्सिलीचं चित्र सोबत हवं. आणि ज्यांनी माणसाच्या त्वचेला हात लावला असेल, त्यांनी मूळ फोटो शेजारी ठेवा. हनुवटीखाली मी स्वतः बघणार आहे.