पांढऱ्यावर पांढरं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते उपग्रहातून घेतलेल्या रंगीत छायाचित्रांबद्दल आणि त्यांवरून होणाऱ्या लष्करी नकाशांबद्दल. विषय रुक्ष वाटेल, पण पुढे एक अस्वल येणार आहे, तेव्हा रेडिओ बंद करू नका.

आधी पाण्याकडे जाऊ. २० नोव्हेंबर १९४३. प्रशांत महासागरातल्या तरावा कंकणद्वीपावर अमेरिकी मरीन सैनिक उतरत होते. त्यांच्या बोटींना तरंगायला साधारण चार फूट पाणी लागायचं. त्या दिवशी भरती पुरती चढलीच नाही आणि बोटी किनाऱ्याच्या अलीकडे प्रवाळाच्या खडकावर अडकल्या. सैनिक पाण्यात उतरले आणि समोरून गोळ्यांचा वर्षाव होत असताना पाचेकशे यार्ड चालत गेले. जवळचे नकाशे जुने होते. लष्करी नकाशा म्हटलं की आपल्याला डोंगर, पूल, रस्ते आठवतात. तरावाला घात केला तो फूटभर पाण्याने.

आता आकाशात. १९६० ते १९७२ अमेरिकेचे कोरोना नावाचे हेर-उपग्रह फोटो काढत होते. फिल्म संपली की तिचा डबा खाली सोडायचे आणि पॅराशूटला लटकलेला तो डबा विमानाने हवेतल्या हवेत पकडायचे. हे सगळं अतिगुप्त. पुढे १९९५ मध्ये आठ लाख साठ हजारांहून अधिक छायाचित्रं खुली केली. माझं विचाराल तर ‘गुप्त’चा शिक्का मारायला एक क्षण लागतो आणि पुसायला एक पिढी, पण ते असो.

ही छायाचित्रं जवळजवळ सगळी कृष्णधवल. का? रंगीत फिल्मवर तीन थर एकावर एक असतात, त्यात बारकावा पुसट होतो. रणगाडे मोजणाऱ्याला रंग नको असतो, धार हवी असते. शेवटच्या वर्षांत रंगीत फिल्म वापरून पाहिली, पण धार कमी पडली. नकाशा करणाऱ्याचं मात्र वेगळं. ही रेघ रस्ता आहे की कोरडा ओढा? हा डाग दलदल आहे की जळालेलं रान? ते रंगच सांगतो. पुन्हा सांगतो, धारेवरून वस्तू कुठे आहे ते कळतं आणि रंगावरून ती काय आहे ते कळतं.

त्यातही एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धातच अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपणारी फिल्म आली होती. जिवंत पान हा प्रकाश भरपूर परत फेकतं, म्हणून त्या फिल्मवर रान लालभडक उमटतं. तोफेवर हिरवं कापड टाका, नाहीतर तोडलेल्या फांद्या टाका, डोळ्याला फसवाल, फिल्मला नाही. फुलदाणीतली फांदी दोन दिवसांनी कशी दिसते, हे आपल्याला माहीतच आहे. फिल्मला ते आपल्या आधी दिसतं. अशा चित्रांना ‘खोटे रंग’ म्हणतात. मला हे नाव अजिबात पटत नाही. जो रंग झाकलेली तोफ उघडी पाडतो, तो खोटा कसा?

आता अस्वल.

२३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट-१ हा अमेरिकी उपग्रह वर गेला. हा लष्करी नव्हता, त्यात फिल्मही नव्हती. नऊशे किलोमीटरवरून तो हिरवा, लाल आणि अवरक्तचे दोन, अशा प्रकाशाच्या चार पट्ट्यांत जमीन टिपायचा. धार मात्र बेताची. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ऐंशी मीटर.

कॅनडात बेटी फ्लेमिंग नावाच्या बाई नकाशाखात्यात काम करत होत्या. लॅब्राडॉरच्या किनाऱ्याची चित्रं तपासून नकाशात नसलेले खडक आणि बेटं शोधायची, हे त्यांचं काम. किती किचकट असेल, विचार करा. सगळा समुद्र काळा, कारण अवरक्त प्रकाश पाणी गिळून टाकतं. त्या काळ्यात, किनाऱ्यापासून वीस किलोमीटरवर, एक उजळ ठिपका. तिथे बेट निघालं पंचवीस मीटर रुंद, पंचेचाळीस मीटर लांब. म्हणजे चित्राच्या एका ठिपक्याहूनही लहान! पण भोवती सगळं काळं असलं की इवलासा उजेडही ठिपक्याला उजळवतो.

तरी ठिपक्यावर कोण विश्वास ठेवणार? त्या पाण्यात हिमखंडही फिरतात. सागरी नकाशात बेट घालायचं तर माणसाने जाऊन पाहायलाच हवं. हल्ली फोनवरच्या नकाशात दिसलं की लोक गाडी थेट तिकडे वळवतात, तसं तिथे चालत नाही. म्हणून १९७६ मध्ये कॅनडाच्या जलसर्वेक्षण खात्याचे डॉ. फ्रँक हॉल हेलिकॉप्टरने निघाले.

बेट बर्फाने पूर्ण झाकलेलं, हेलिकॉप्टर टेकवायला जागा नाही. हॉल यांना पट्ट्यांत बांधलं आणि दोराने खाली सोडायला सुरुवात केली. पाय खाली लोंबताहेत, खाली पांढरंशुभ्र बर्फ. आणि बेटाच्या सगळ्यात उंच जागी तो बर्फ हलला. ध्रुवीय अस्वल! पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कसं? अस्वलाने वर येणाऱ्या पायांवर पंजा मारला. नाही, चुकलो. पाय वरून खाली येत होते. हॉल यांनी दोराला जोरात हिसका दिला आणि वरच्यांनी त्यांना खेचून घेतलं. लँडसॅट बेटावर मरणारा पहिला माणूस मीच ठरलो असतो, असं ते नंतर सांगत. हो, बेटाला उपग्रहाचंच नाव मिळालं. एवढ्याशा खडकामुळे कॅनडाची सागरी हद्द अडुसष्ट चौरस किलोमीटरने वाढली.

अस्वलाने वेळ खाल्ला. रंगावरून पाण्याची खोली कशी काढतात ते राहिलंच, ते घाईत सांगतो. अवरक्त वरच्यावर विरतं, लाल थोडं खाली जातं, हिरवा-निळा प्रकाश खोल जाऊन तळावरून परत येतो. कुठला रंग किती परत आला, त्यावरून खोलीचा हिशोब. १९७५ मध्ये बहामाच्या स्वच्छ पाण्यात, उपग्रह डोक्यावरून जात असताना, फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कूस्तो यांच्या, पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी हे ताडून पाहिलं. बावीस मीटरपर्यंत खोली मोजता आली. गढूळ पाण्यात मात्र हे चालत नाही.

तरावाला प्रश्न होता तीन-चार फुटांचा. नमस्कार.