बिस्मिल्ला म्हटलं म्हणून फ्रेडी मुसलमान? मग पिस्तुलाचं काय?

[बोर्डीचा किनारा, मागे सुरूची रांग. ओहोटी.]

नमस्कार मंडळी. वारा जोरात आहे, माइकवर फडफड येईल, सांभाळून घ्या.

'क्वीन' या इंग्रजी रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या बलसारा या मूळ आडनावावर मी छोटा व्हिडिओ टाकला होता. त्याच्याखाली तुम्ही जो गोंधळ घातला आहे, त्याचा निकाल आज लावू. श्रीवर्धनहून एक भाऊ विचारतात, "'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गाण्यात बिस्मिल्ला आहे, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी मुसलमान होता ना?" वसईच्या एक ताई म्हणतात, त्याने येशूवर गाणं लिहिलंय, तो मनाने ख्रिस्तीच. डहाणूचे एक काका लिहितात, "आमचा पारशी बावा, विषय संपला." आणि एकाने नुसतं लिहिलंय, "सैतानाचा पुजारी." माणूस एकच, आणि चार धर्मांत वाटून टाकला.

प्राथमिक माहिती पटकन उरकतो. मूळ नाव फारोख बलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारचं स्टोन टाउन. घर पारशी, वडील तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. शाळा पाचगणीची सेंट पीटर्स, फ्रेडी हे नाव तिथलंच. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली, कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० ला क्वीन. २४ नोव्हेंबर १९९१ ला मृत्यू. हे तुम्हाला ठाऊक आहे, पुढे.

आडनावाचं तेवढं एकदा, कारण ते आपल्या अंगणातलं आहे. बलसारा म्हणजे बलसाडचे, आताचं वलसाड. इथून घोलवड स्टेशनवर गाडीत बसा. उंबरगाव, संजाण, वापी, उदवाडा करत वलसाड. डहाणू रोडपासून धरलं तर ७० किलोमीटरच्या आसपास. पारशी परंपरेत ज्या बंदरावर उतरून ते वसले असं सांगतात ते संजाण वाटेतच लागतं. आणि या किनाऱ्यामागे जो बहरोटचा डोंगर दिसतो, तिथल्या गुहेत त्यांनी पवित्र अग्नी बारा वर्षं लपवून ठेवला असं तेच लोक सांगतात. एक गोष्ट मात्र कृपा करून लक्षात ठेवा: आपल्या चिकूवाड्यांतली जी घरं आपण इराणी म्हणतो, ती पारशी नव्हेत. धर्म एकच, जरथोस्ती. पण इराणी आले एकोणिसाव्या-विसाव्या शतकात, पारशी त्यांच्या हजारेक वर्षं आधी. फ्रेडी पारशी. "आमच्या घोलवडच्या इराण्यांपैकी" असं लिहू नका, दोन्ही घरांतले लोक चिडतात.

आता बिस्मिल्ला, म्हणजे 'अल्लाच्या नावाने'.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', १९७५. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. मधला जो ऑपेराचा तुकडा आहे, त्यात हा शब्द तीनदा येतो. आधी सांगा, तो म्हणतं कोण? हेडफोन लावून ऐका. दोन टोळ्या भांडताहेत. एक म्हणते याला सोडा, दुसरी म्हणते नाही सोडणार. बिस्मिल्ला येतो तो न सोडणाऱ्या टोळीच्या तोंडी. गाण्यातला जो 'मी' आहे, आरोपीच्या पिंजऱ्यातला पोरगा, तो हा शब्द उच्चारतच नाही. म्हणजे ज्या शब्दावरून तुम्ही गायकाचा धर्म ठरवताय, तो गाण्याच्या नायकाचासुद्धा नाही, त्याला अडवणाऱ्यांचा आहे.

आता त्या 'मी'कडे वळा. सुरुवातीलाच तो आईला सांगतो की मी एका माणसाच्या डोक्याला पिस्तूल लावलं, चाप ओढला, माणूस मेला. मग पोलिसात तक्रार का नाही केली कुणी? कमेंटमध्ये एकानेही "फ्रेडी खुनी होता का" असं विचारलेलं नाही. पिस्तूल म्हटलं की ते नाटक, आणि बिस्मिल्ला म्हटलं की तो जन्मदाखला! एकाच गाण्याला दोन न्याय कसे चालतील?

दुसऱ्या बाजूने बघा, नुसता कान लावून. त्या तुकड्यात आजूबाजूला कोण कोण आहे? स्कारामूश, म्हणजे इटालियन सोंगाड्या. फँडँगो, स्पॅनिश नाच. गॅलिलिओ, शास्त्रज्ञ. फिगारो, ऑपेरातला न्हावी. बील्झेबब, बायबलमधला सैतान. मामा मिया, म्हणजे आपलं "आई गं". सगळे शब्द परदेशी, खणखणीत, ताल धरणारे. बिस्मिल्लामध्ये 'मिल्'वर ठोका बसतो, तबल्यावर थाप पडावी तसा. गाणारे मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर, तिघेच. चौथा, जॉन डीकन, त्यात गायला नाही. तिघांनीच आवाजावर आवाज चढवत गर्दी उभी केली. २४ ट्रॅकची टेप पुन्हा पुन्हा फिरवून इतकी झिजली की तिच्यातून आरपार दिसायला लागलं, असं ते लोक सांगतात. एवढी मेहनत घेतली ती शब्द आपटावेत कसे याच्यावर. यात श्रद्धेची कबुली शोधायची तर मग गॅलिलिओचीही पूजा करायला पाहिजे.

तिसरी बाजू झांझिबारची. बेट बहुसंख्य मुसलमानांचं. पारशी घरातलं पोर असलं तरी गल्लीत, बाजारात, बंदरावर तो शब्द रोज कानावर पडणार. आपल्याकडे राजपुरी-दिघीच्या जेटीवर होडीत पाय ठेवताना तांडेल बिस्मिल्ला म्हणतो, तेव्हा शेजारी बसलेल्या भंडाऱ्याला दचकायला होतं का? आणि तुम्हीच "कामाचा श्रीगणेशा केला" म्हणता, वसईतला ख्रिस्ती दुकानदारही म्हणतो. तो काय दर वेळी गणपती बसवतो? शब्द भाषेतून येतो, माणसाच्या जातीच्या दाखल्यातून येत नाही.

अजून पटत नसेल तर हिशेब मांडू. १९७३, क्वीनची पहिली तबकडी. तिच्यात 'जीझस' नावाचं गाणं आहे, लिहिणारा मर्क्युरी. १९७५, बिस्मिल्ला आणि बील्झेबब एकाच गाण्यात. १९७८, 'मुस्तफा', ज्यात इब्राहिमपासून अल्लापर्यंत सगळे येतात. लिहिणारा पुन्हा तोच. तुमच्या नियमाने त्याने पाच वर्षांत दोनदा धर्म बदलला, वर सैतानाशीही संधान बांधलं. आणि १९९१ ला अंत्यविधी कुणी केला? लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी, जरथोस्ती प्रार्थना म्हणून. "पारशी असून दहन कसं?" ही पण एक कमेंट आहे. अहो, लंडनमध्ये दखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवायची पारशी विहीर, नाही. तिथले पारशी पुरतात किंवा दहन करतात.

बरं, सगळं चूक तुमचंच आहे असं नाही. प्रत्येक जण आपल्या खिडकीतून बघतो, आणि काही खिडक्यांतून खरोखर काहीतरी दिसतं. इराणचं घ्या. २००४ मध्ये तिथे क्वीनच्या गाण्यांची कॅसेट सरकारी परवानगीने विक्रीला आली. प्रेमगीतं वगळलेली. सोबत एक पत्रक, त्यात या गाण्याचा अर्थ दिलेला: एका तरुणाच्या हातून खून होतो, त्याने आत्मा सैतानाला विकलेला असतो, फाशीच्या आदल्या रात्री तो बिस्मिल्ला म्हणून देवाला हाक मारतो आणि आत्मा परत मिळवतो. गोष्ट म्हणून छान आहे. फक्त आत्ताच आपण ऐकलं की हाक मारणारा तो नाहीच, त्याला अडवणारे आहेत. पत्रक लिहिणाऱ्याने शब्द पकडला, तोंड सोडून दिलं. श्रीवर्धनच्या भाऊंचं नेमकं हेच झालंय, त्यामुळे भाऊ, तुम्ही एकटे नाही.

झांझिबारमध्ये उलटं. २००६ ला त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा कार्यक्रम ठरला, तर तिथल्या एका इस्लामी संघटनेने विरोध केला, कारण त्याचं समलिंगी असणं त्यांना मान्य नव्हतं. म्हणजे एका देशात तो देवाला हाक मारणारा, आणि जन्मगावी नकोसा.

समलिंगी चाहते हेच गाणं तिसऱ्याच तऱ्हेने ऐकतात: मारलेला माणूस म्हणजे त्याचं स्वतःचं जुनं रूप, आणि आईसमोरची कबुली म्हणजे स्वतःबद्दलची कबुली. हा अर्थ मला बिस्मिल्लावाल्या अर्थापेक्षा जास्त भक्कम वाटतो, कारण आई, कबुली, घर सोडणं हे सगळं गाण्यात आहे, एका शब्दावर इमारत उभी नाही. पण त्याने स्वतः ते कधी म्हटलं नाही. अर्थ विचारला की ऐकणाऱ्यानं आपला आपण ठरवावा, एवढंच.

आता ज्याच्यावर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते. गाणं लिहिलं कोणी हे न बघता त्यातून गायकाचं चरित्र काढणं. मंडळी, आपण रेडिओवर वाढलेली माणसं. निवेदिका आधी सांगायची: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमक्याचा. तीन नावं. 'गीतरामायण' १९५५ चं, ५६ गाणी, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. पुढे बाबूजींनी सगळी स्वतःच्या आवाजात गायली, कैकेयीचीसुद्धा, शूर्पणखेचीसुद्धा. सुधीर फडके शूर्पणखा होते असं कुणी म्हणालं का? मग इंग्रजी बँड आला की ही अक्कल कुठे जाते?

क्वीनमध्ये चौघंही लिहायचे. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' घ्या, बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्याच तबकडीवरचं. लिहिलं जॉन डीकनने, स्वतःच्या बायकोसाठी. गातोय फ्रेडी. त्यातला 'मी' डीकन आणि 'तू' डीकनची बायको, आणि तुम्ही कमेंटमध्ये फ्रेडीच्या मैत्रिणीचं नाव शोधताय.

'आय वाँट टू ब्रेक फ्री', १९८४. पुन्हा डीकन. व्हिडिओत चौघं बायकांच्या वेशात, फ्रेडी मिशीसकट झाडलोट करतोय. ती एका ब्रिटिश मालिकेची टिंगल होती. इंग्लंड हसलं. अमेरिकेत लोकांना ते झेपलं नाही. दक्षिण अमेरिकेत तेच गाणं हुकूमशाहीतून सुटण्याचं गाणं झालं. आणि आपल्या कुडाळ-सावंतवाडीच्या प्रेक्षकांची कमेंट काय? "मिशी काढली असती तर स्त्रीपार्ट बरा झाला असता." दशावतार बघून वाढलेल्या माणसाला लुगड्यातला पुरुष दिसला की तो ओळख शोधत नाही, अभिनय तपासतो. मला ही सगळ्यात शहाणी कमेंट वाटली.

तिसरं, 'हू वाँट्स टू लिव्ह फॉरएव्हर'. "मरण समोर दिसत होतं म्हणून लिहिलं" असं किती जणांनी लिहिलंय! लिहिलं ब्रायन मेने, 'हायलँडर' या सिनेमासाठी, १९८६. फ्रेडीच्या आजाराचं, म्हणजे एड्सचं, निदान झालं ते १९८७ मध्ये. हा घोळ त्याच्यावरच्या २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिनेमाने वाढवला. त्यात तो १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीआधीच मित्रांना आजार सांगताना दाखवलाय. पटकथेला ते सोयीचं होतं, तारखांना नाही. 'द शो मस्ट गो ऑन'चं मात्र वेगळं. ते १९९१ चं, तेव्हा तो खरंच खंगला होता, आणि शब्द मुख्यतः ब्रायन मेने त्याच्याकडे बघूनच लिहिले. म्हणजे तिथेसुद्धा 'मी' म्हणणारा फ्रेडी आणि लिहिणारा शेजारी उभा.

तर तपासायचं कसं? तबकडी असेल तर मधल्या गोल कागदावर गाण्याच्या नावाखाली कंसात आडनाव असतं. मोबाइलवर गाण्याशेजारचे तीन ठिपके दाबा, क्रेडिट्स उघडा, लेखकाचं नाव वाचा. मग साल बघा. मग ओळ कोणाच्या तोंडी आहे ते हेडफोनवर ऐका, डावा-उजवा कान वेगळा करून. एवढं झाल्यावर चरित्राकडे जा.

फसायची जागा एकच आहे. १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून त्यांनी ठरवलं की सगळी गाणी चौघांच्या नावावर. त्यामुळे १९८९ आणि १९९१ च्या तबकड्यांवर लेखक म्हणून नुसतं 'क्वीन' दिसेल. तिथे कंसावर विसंबू नका, पुढे त्या लोकांनी मुलाखतींत कोणाचं गाणं मुळात कोणाचं ते सांगितलंय, ते शोधा. बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्या कंसात मात्र एकटा मर्क्युरीच आहे.

"त्याने पारशीपण लपवलं" हे लिहिणाऱ्यांना एवढंच: साठ-सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये बलसारा नाव घेऊन रॉक गायला उभं राहणं काय होतं, ते जरा डोळ्यांसमोर आणा. बोलला कमी, हे खरं. पण आई-वडील लंडनमध्येच होते, आणि शेवटच्या प्रार्थना कोणत्या होत्या ते मघाशी सांगितलं.

आणि शेवटी, दाभोळहून तिघांनी 'मुस्तफा'चं मराठी भाषांतर मागितलंय. इंग्रजी आणि अरबी शब्द वेचून काढता येतील. पण मधल्या बऱ्याच ओळी कुठल्याच भाषेत नाहीत, त्याने तोंडाला येतील तशा रचल्यात. त्याचं भाषांतर मी काय करणार, तुम्हीच चाल लावून म्हणा.