गोदावरीच्या पोटातला दगड
(दृश्य: होळकर पुलावरून पुराची गोदावरी)

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये पहिला प्रश्न एकच असतो. मारुतीला कुठपर्यंत आलं?

हा दुतोंड्या मारुती. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, ऐन पात्रात उभा. पुढून पाहा, मागून पाहा, तोंड दिसतंच. घोट्याला पाणी लागलं की काठावरच्या टपऱ्या उचलायला सुरुवात होते. गुडघा, कंबर, छाती अशा पायऱ्यांनी पूर मोजला जातो, आणि पाणी वर सरकतंय असं दिसलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वरच्या फळ्यांवर चढवायला घेतात. विसर्गाचा क्युसेकमधला आकडा आता प्रत्येकाच्या मोबाइलवर येतो. तरीही लोक पुलावर येतात, कठड्यावरून वाकतात आणि मारुतीच पाहतात. 2 ऑगस्ट 2016 आणि 4 ऑगस्ट 2019, दोन्ही वेळी तो पाण्याखाली गेला होता.

(घंटेचा नाद)

त्याहून मोठा पूर सांगते ती ही घंटा. नारोशंकराची घंटा.

मंदिर रामेश्वराचं, पण नाव रूढ झालं ते बांधणाऱ्याचं. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी 1747 मध्ये ते उभारलं. घंटा मात्र त्याआधीची. तिच्यावर साल आहे 1721. ती पोर्तुगीज आहे, चर्चमधली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. एक वाईजवळ मेणवलीला गेली, एक भीमाशंकरला, आणि ही गोदाकाठी आली. कोटाच्या भिंतीत, पात्राकडे तोंड करून टांगलेली. पुराचं पाणी घंटेला लागलं की नाशिककर त्याला महापूर म्हणतात. जवळून पाहा: जाड ओतीव कड, आणि अडीचशेहून जास्त पावसाळे खाल्लेला हा धातू.

आता पूर ओसरलाय. आपण रामकुंडाकडे वळतो.

कपालेश्वराच्या पायऱ्यांवरून ते सगळं एका नजरेत येतं. कपालेश्वर म्हणजे शंकराचं देऊळ, पण समोर नंदी नाही. पलीकडच्या काठावर 1756 चा सुंदरनारायण. वैकुंठ चतुर्दशीला या दोन देवांची हरिहर भेट होते, आणि त्यांच्यामध्ये वाहते ती गोदावरी.

रामकुंड 1696 मध्ये चित्रराव खटावकरांनी बांधलं. पुढे पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंनी त्याची डागडुजी केली. लांबी सुमारे 27 मीटर, रुंदी 12. इथेच अरुणा गोदावरीला मिळते, इथेच अस्थी विसर्जित होतात. महात्मा गांधींच्या अस्थीही 1948 मध्ये इथे आल्या.

पण रामकुंड एकटं नव्हतं, आणि हे नीट ऐकायला हवं. या पात्रात कुंडांची ओळच होती. सीताकुंड, लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, दशाश्वमेध, रामगया, पेशवे, खंडोबा, मुक्तेश्वर, आणखी कितीतरी. तळाशी काळा कातळ. जिथे मुळातच खोलगट जागा होती तिथे घडीव दगडाच्या भिंती आणि पायऱ्या बसवून कुंड तयार व्हायचं. तळ उघडाच ठेवायचा, कारण कातळाच्या भेगांतून झरे येत. पावसाळ्यात नदी वरून भरायची, उन्हाळ्यात झरे खालून. पूर आला की गाळ धुऊन जायचा. बांधणाऱ्यांनी नदीला अडवलं नाही, तिच्या खडकालाच आकार दिला. नाशिकच्या घाटाची खरी कारागिरी देवळांच्या शिखरांइतकीच या पायऱ्यांमध्ये आहे.

मग हे आलं.

(दृश्य: पात्रातला काँक्रीटचा थर)

2003 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत पात्राच्या तळावर काँक्रीट ओतलं गेलं. भाविकांना उभं राहायला सपाट जागा हवी, घसरायला नको, हा हेतू. त्या हेतूला कुणाची हरकत नव्हती. पण थर बसला तो कुंडांवर आणि झऱ्यांच्या तोंडांवर. ज्या कुंडांची नावं आजोबा सांगायचे, त्यांच्यावरून नातवंडं चालू लागली, आणि पायाखाली काय आहे हे त्यांना कळायचा मार्गच उरला नाही.

2016 च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं. टँकरने पाणी आणून ओतावं लागलं.

गोदाप्रेमींनी जुने नकाशे, जुनी छायाचित्रं बाहेर काढली, अर्ज केले, न्यायालयाचं दार ठोठावलं. 2020 मध्ये काही कुंडांवरचं काँक्रीट काढायला सुरुवात झाली. हे काम पाहण्यासारखं असतं. ब्रेकर लावला की राखाडी थर ढपल्यांनी निघतो. मग यंत्र थांबवून माणूस पहारीने, हळू हाताने पुढे जातो, कारण खाली पायरी असू शकते. आणि ती असते. कड झिजून गोलसर झालेली, सांध्यात चुना, तासलेल्या दगडावर छिन्नीच्या रेघा अजून तशाच. एवढी वर्षं अंधारात राहूनही ती जागची हललेली नाही.

दगडाची ही परंपरा घाटावरच संपत नाही. पंचवटीतलं काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात बांधलं, आणि 2 मार्च 1930 पासून त्याच्याच दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही.

(दृश्य: घाटावरचा बुधवारचा बाजार)

आज बुधवार. काठावरच्या पटांगणात बाजार भरलाय. मेथीच्या जुड्या, लसणाचे ढीग, पाट्यावरवंट्याला टाकी लावणारा माणूस. पलीकडे यशवंतराव महाराजांचं देऊळ. हे देवमामलेदार. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला होता.

2027 मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे. घाट वाढणार, रस्ते रुंद होणार, पूल होणार. कोट्यवधी माणसं इथे स्नानाला येतील आणि त्यांच्या सोयी करायलाच हव्यात. नाशिककरांचं मागणं फार मोठं नाही. उरलेल्या कुंडांवरचं काँक्रीट आधी काढा. आणि यावेळच्या प्रत्येक निविदेत एक ओळ ठळक लिहा: नदीच्या तळावर नवा थर टाकायचा नाही.