गँट्स हिल: पोटात दालन असलेला चौक

मंडळी, लंडनच्या ईशान्येला, इलफर्डजवळ, गँट्स हिल नावाचं एक भुयारी स्थानक आहे. त्याची इमारत शोधायला गेलात तर ती सापडायची नाही. ईस्टर्न अॅव्हेन्यू या हमरस्त्यावर एक भलंमोठं वाहतूक बेट आहे, त्याच्या पोटात तिकीटघर. कडेच्या पायऱ्या उतरायच्या, पादचारी भुयारातून चालायचं, की आलं स्टेशन.

हे वास्तुकार चार्ल्स होल्डनचं काम. लंडनच्याच आर्नोस ग्रोव्ह स्थानकावर विटांचा तो गोल, उंच, दुरून ओळखू येणारा ढोल ज्याने उभारला, तोच होल्डन. इथे जमिनीवर दाखवण्यासारखं काहीच नाही, म्हणून सगळं वैभव त्याने खाली नेलं.

सरकत्या जिन्याने उतरलात की दोन फलाटांच्या मधोमध, त्यांच्याच पातळीवर, एक लांबलचक दालन लागतं. वर अर्धगोल छत, दोन्ही बाजूंना फलाटाकडे जाणाऱ्या वाटा. कार्ल्याचं चैत्यगृह ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या छताखाली आवाज आपोआप का खाली येतो हे सांगायला नको. लंडनच्या जुन्या भुयारी स्थानकांत माणूस अरुंद, वळणावळणाच्या बोळांतून फलाटावर पोचतो. इथे तो आधी ऐसपैस जागेत येतो, दोन्हीकडचे फलाट त्याच्या हाताशी असतात, आणि मग तो आपली दिशा धरतो. रोज कामाला जाणाऱ्या उपनगरी माणसाला एवढा मान देणारी वास्तू मला फार मोलाची वाटते.

ही कल्पना मॉस्कोची. तिथली पहिली मेट्रो १९३५ साली सुरू झाली, आणि तिच्या उभारणीत लंडनच्या तज्ज्ञांचा सल्ला होता. लंडनच्या वाहतुकीची धुरा वाहणाऱ्या फ्रँक पिक यांचा त्यासाठी सोव्हिएत सरकारने गौरवही केला होता. सल्ला लंडनहून गेला, दालन मॉस्कोहून आलं.

पण ते लोकांसाठी उघडायला बराच काळ जावा लागला. गँट्स हिल ज्या भुयारी रेल्वेमार्गावर आहे ती सेंट्रल लाइन लेटनस्टोनपासून न्यूबरी पार्कपर्यंत भुयारातून न्यायचं १९३५च्या विस्तार योजनेत ठरलं होतं. भुयारं खोदून झाली आणि दुसरं महायुद्ध आलं. रूळ पडायच्या आधीच तिथे प्लेसी कंपनीचा कारखाना बसला, विमानांचे सुटे भाग बनवणारा. कंपनीच्या इलफर्डच्या कारखान्यावर बॉम्ब पडले होते, आणि जमिनीखालची ही जागा सुरक्षित होती. जोडभुयारं सुमारे ४ किलोमीटर लांब, पण प्रत्येकाचा व्यास जेमतेम साडेतीन-पावणेचार मीटर! कारखाना म्हणजे एक न संपणारा बोळच. माल इकडून तिकडे न्यायला आत १८ इंची रुळांची चिमुकली रेल्वे टाकावी लागली. सुमारे दोन हजार माणसं तिथे राबत होती, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. आज गाडी त्या भुयारातून जाते तेव्हा खिडकीबाहेर नुसता काळोख दिसतो. त्या काळोखात त्या बायकांनी पाळीमागून पाळी काढली, हे मला तिथल्या कमानीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

युद्ध संपलं, यंत्रं निघाली, रूळ पडले. १४ डिसेंबर १९४७ रोजी प्रवाशांची पहिली गाडी इथे थांबली.

कधी गेलात तर फलाटावरचं घड्याळ जरूर बघा. त्यावर आकडे नाहीत. बाराही तासांच्या जागी लंडनच्या भुयारी रेल्वेचं ते ओळखीचं चिन्ह आहे, वर्तुळ आणि त्यावर आडवी पट्टी.